चौकातील शिपाई : परमुलखात अपघाताने मृत्यू पावलेल्या लष्करी पोलिसांचे स्मरण

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत मिशनच्या आरंभाचा, देवळाच्या पायाभरणीचा व धर्मगुरूंच्या परिश्रमांचा वृत्तांत यावा हे यथायोग्यच होय. परंतु ज्या घरांतील पुरुष पलटणीत भरती होऊन समुद्रापलीकडे गेले आणि परत आले नाहीत, त्या घरांचा इतिहासही देवळाच्या त्याच घंटेखाली मोडतो. त्यांतील लढवय्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज ज्याच्याविषयी लिहावयाचे योजिले आहे, त्याचे नेमून दिलेले काम लढण्याचे नव्हते. तो हमरस्त्यावर, पुलाच्या तोंडाशी, अथवा वाळवंटातील एखाद्या फाट्यावर हात उंचावून उभा राहत असे. त्याच्या दंडावर लष्करी पोलिसाची पट्टी असे. शत्रूचा गोळा पडून तो मरे, तसाच आपल्याच सैन्याच्या लॉरीखाली सापडूनही मरे. ह्या दुसऱ्या मरणास सरकारी कागदांत अपघात असे नाव आहे. त्या एका शब्दाने मरणाऱ्याच्या सेवेचे मोल उणे होते काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि आपल्यासारख्या श्रद्धावंतांपुढे तर तो आणखी एका अंगाने उभा राहतो.

जुन्या जालन्याच्या वाचकास लष्कर ही गोष्ट परकी नाही. इ. स. १८०३ च्या सप्टेंबरात कर्नल स्टीव्हन्सन ह्याने जालन्याचा किल्ला घेतला, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस येथून फार दूर नसलेल्या असईच्या रानात आर्थर वेलस्ली ह्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी ती घनघोर लढाई दिली. पुढे इ. स. १८२७ साली जालन्यास छावणी वसली आणि निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जन्ट ह्या फौजेची ठाणी येथे राहिली. इ. स. १९०३ च्या सुमारास ही फौज हिंदी सैन्यात मिळविण्यात आली व छावणी उठली. पण फौजेचा वंश संपला नाही. तिच्या पायदळ पलटणी इ. स. १९२२ पासून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट ह्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या, आणि त्याच रेजिमेंटला इ. स. १९४५ साली कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. कुंडलिकेच्या काठी ज्या फौजेचे बिगूल वाजले, तिच्या नावाची चौथी पलटण इ. स. १९४२ च्या जानेवारीत मलायातील स्लिम नदीवर जपानी रणगाड्यांपुढे उभी होती. कुठे कुंडलिका आणि कुठे स्लिम! तेव्हा परमुलखातील मरण ही गोष्ट आपल्यापासून वाटते तेवढी दूरची नव्हे.

असईच्या वेलस्लीचे नाव ह्या लेखात आणखी एका कारणाने येते. हाच गृहस्थ स्पेनमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढला व पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. इ. स. १८१२ च्या एप्रिलात बदाहोस हे शहर काबीज केल्यावर त्याच्या शिपायांनी जी लूट व जे अत्याचार केले, त्यांनी विजयास काळिमा लागला. बदाहोस हे कॅथलिक शहर. त्याला फ्रेंचांपासून मुक्त करावयास आलेल्यांनीच ते नागविले. जिंकणारे सैन्य आवरण्यास सैन्यातलाच कोणी हवा, हे तेव्हा पुरते कळून चुकले. इ. स. १८१३ साली वेलिंग्टनने घोडेस्वारांचे एक वेगळे पथक उभारिले. कित्येक इतिहासकार त्यालाच ब्रिटिश सैन्यातील पहिले कायम लष्करी पोलीस पथक मानितात. म्हणजे ह्या पोलिसाचा जन्म शत्रूस मारण्यासाठी झालेला नाही. आपल्याच बाजूच्या बळवंताच्या हातून दुबळ्याचे रक्षण व्हावे, ह्या गरजेतून तो जन्मास आला. त्याच्याविषयी शिपायांत नावड का असे, त्याचे मूळही येथेच आहे.

हिंदुस्थानी सैन्यात अशा पथकाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर झाला. इ. स. १९३९ च्या जुलैत सातव्या व अकराव्या रिसाल्यांतील माणसे निवडून पहिले हिंदी प्रोव्होस्ट पथक उभे राहिले आणि ऑगस्टात, युद्ध जाहीर होण्यापूर्वीच, ते उत्तर आफ्रिकेकडे रवाना झाले. पुढे ते चौथ्या हिंदी डिव्हिजनचे पथक म्हणून ओळखले गेले. घोड्यावर बसावयास शिकलेले हे स्वार आता मोटारसायकलीवर बसून, खांबासारखे उभे राहून, लॉऱ्यांच्या रांगांस वाट दाखवू लागले. युद्ध वाढत गेले तसतशी अशी पथकेही वाढत गेली. स्वराज्य मिळाल्यावर इ. स. १९४७ च्या ऑक्टोबरात ह्याच पथकांतून भारतीय सैन्याचे लष्करी पोलीस दल रीतसर नावारूपास आले.

त्यांचे काम कोणते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे; कारण काम समजल्यावाचून मरण समजणार नाही. वाळवंटात रस्ता नसतो. चाकांच्या खुणा असतात, आणि त्या वाऱ्याने एका रात्रीत पुसल्या जातात. तेव्हा कोणत्या डिव्हिजनने कोणत्या वाटेने जावे, हे आधी खुणा रोवून ठरवावे लागे. इ. स. १९४२ च्या ऑक्टोबरात अल-अलामेन येथे मोठी चढाई झाली, तेव्हा आघाडीकडे जाणाऱ्या सहा वाटा आखण्यात आल्या होत्या. त्यांस सूर्य, चंद्र, तारा, बाटली, होडी व टोपी अशी साधी नावे दिली होती, जेणेकरून अक्षरशत्रू ड्रायव्हरासही चित्र पाहून आपली वाट कळावी. पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यात त्या त्या आकृतीचे छिद्र पाडून आत कंदील ठेवीत. शत्रूच्या बाजूने काही दिसू नये आणि मागून येणाऱ्या गाडीस मात्र चंद्र किंवा तारा लुकलुकताना दिसावा, अशी ती युक्ती होती. हे दिवे लावणे, विझले तर पुन्हा लावणे आणि धुळीच्या लोटांत उभे राहून गाड्या एकामागून एक सोडणे हे लष्करी पोलिसाचे काम. त्या लढाईत चौथी हिंदी डिव्हिजन रुवैसातच्या रांगेवर होती.

आता ती रात्र डोळ्यांपुढे आणावी. गाड्यांचे पुढचे दिवे बंद आहेत. पुढच्या गाडीच्या मागील आसाला पांढरा रंग दिलेला आहे व त्यावर एक बारीकसा दिवा टांगला आहे; मागच्या ड्रायव्हराने तेवढ्याच पांढऱ्या ठिपक्याकडे पाहून तासन् तास चालवावयाचे. ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नाही. पिठासारखी बारीक धूळ उडत असून तिच्यापुढे दहा हातांवरचे दिसत नाही. आणि ह्या सर्व ओघाच्या अगदी कडेला, बहुधा मध्येच, एक माणूस हातात झाकलेली बत्ती घेऊन उभा आहे. गाडी चालविणारा पत्र्याच्या आड तरी असतो. ह्या माणसापुढे काही नाही. त्याला बाजूस होता येत नाही, कारण तो बाजूस झाला की पुढचे वळण चुकते, आणि वळण चुकलेली गाडी सुरुंगांच्या पट्ट्यात जाते. अपघात ह्या शब्दात निष्काळजीपणाची जी एक छटा आपण नकळत मिसळतो, ती अशा ठिकाणी किती अन्यायाची आहे हे सांगावयास नको.

नुसत्या काळोखाने किती जीव जातात, ह्याचे एक मोठे प्रमाण रणभूमीपासून दूर सापडते. इंग्लंडात १ सप्टेंबर १९३९ पासून रात्री दिवे झाकण्याचा हुकूम झाला. रस्ते तेच, माणसे तीच, मोटारी तर पेट्रोलच्या टंचाईने कमीच झालेल्या, तरी इ. स. १९४१ साली तेथे रस्त्यावरील अपघातांत ९,१६९ माणसे मृत्यू पावली. त्या देशाच्या इतिहासात कोणत्याही एका वर्षी इतकी माणसे रस्त्यावर मेली नाहीत, ना पूर्वी ना नंतर. शहरातील फरसबंद, ओळखीच्या रस्त्यावर हे घडते, तर अनोळखी मुलखातील कच्च्या वाटेवर काय घडत असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

इटलीत वाळवंट नव्हते, पण नद्या होत्या. चौथी, आठवी व दहावी ह्या तीन हिंदी डिव्हिजनी तेथे लढल्या. आपिनिन पर्वतातून समुद्राकडे धावणारी प्रत्येक नदी ओलांडणे ही स्वतंत्र लढाईच होती, कारण माघार घेणारे जर्मन सैन्य पूल उडवून जाई. मग इंजिनियर लोक लोखंडी चौकटी जोडून बेली पूल टाकीत. असा पूल एकाच गाडीच्या रुंदीचा असे. त्याच्या तोंडाशी पिवळ्या गोल फळीवर काळ्या अक्षरांत एक आकडा लिहिलेला असे. पुलास किती भार सोसेल हे तो सांगे. गाडीवरही तिचा आकडा असे. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असेल तर ती सोडावयाची नाही, मग आत बसलेला साहेब कितीही मोठा असो. एका बाजूने रुग्णवाहिका परत येत आहेत, दुसऱ्या बाजूने दारूगोळा जावयाचा आहे, वरून तोफांचे गोळे पडत आहेत. आणि कोणास आधी सोडावे ह्याचा निवाडा एक नाईक किंवा लान्सनाईक उभ्या उभ्या करीत आहे. न्यायाधीशाला देखील निकाल देण्यास एवढा थोडा वेळ मिळत नाही. पुलाच्या तोंडाशी गर्दी होते हे शत्रूलाही ठाऊक असते, म्हणून तोफा तेथेच रोखलेल्या असत. शिवाय पावसाने निसरडी झालेली उतरण, उलटणारी ट्रक, तुटणारी साखळी, पुराच्या पाण्यात वाहून जाणारी मोटारसायकल, हीही त्याच जागी टपलेली असत.

ब्रह्मदेशाची गोष्ट आणखी निराळी. तिद्दीमच्या रस्त्यावर एक चढ आहे, त्यास गोरे शिपाई चॉकलेटी जिना म्हणत. सात मैलांत अडतीस वळणे, आणि सुमारे तीन हजार फुटांचा चढ. पावसाळ्यात त्या तांबड्या-काळ्या चिखलाचा रंग पाहून हे नाव पडले असावे. नाव गोड असले तरी कड्याच्या धारेवर गाडी उभी करण्यास तेथे जागा नव्हती. अशा घाटांत वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या गाड्यांस वेळा वाटून द्याव्या लागत, आणि त्या वेळा पाळविण्याचे काम पोलिसाचे. डिसेंबर १९४४ मध्ये कलेवा येथे चिंदविन नदीवर १,१५४ फुटांचा बेली पूल झाला. त्या काळी जगात तेवढ्या लांबीचा बेली पूल दुसरा नव्हता, आणि चौदाव्या सैन्याचा मोठा संसार ह्याच लोखंडी फितीवरून पलीकडे गेला. ज्यांनी तो बांधला त्यांची छायाचित्रे पुस्तकांत आहेत. ज्याने दोन्ही तोंडांशी उभे राहून गाड्या मोजून सोडल्या, तो छायाचित्रात असलाच तर पाठमोरा असतो.

शिपायांस हा पोलीस आवडत नसे, हे वर म्हटलेच आहे. रजेवर गेलेल्याचा परवाना पाहणार तो, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यास धरणार तो, पळून आलेल्यास अडविणार तो, गावकऱ्यांची कोंबडी चोरली तर चौकशी करणार तोच. पलटणीत सर्व एका ताटात जेवतात. हा मात्र दोन-तीन सोबत्यांसह कोठल्या तरी फाट्यावर, दर आठवड्यास नव्या पलटणीच्या वाटेत उभा. तो मेला तर त्याच्यासाठी रडणारी पलटणही जवळ नसे. युद्धाच्या कथा पलटणींनी लिहिल्या, म्हणून त्या कथांत तो फारसा नाही. ही माझी तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे. इतिहास बहुधा ज्याच्या मागे सोबती राहतात त्याचाच लिहिला जातो.

तुलनेसाठी आपल्याच मराठी मुलखातील दोन नावे घ्यावी. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील सर्व माणसे मेली किंवा जखमी झाली, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि तेथेच गोळी लागून पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही; कासिनो येथील स्मारकावर, हजारो नावांत, त्यांचे नाव कोरलेले आहे. दुसरे नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव. ते आपल्या कंपनीचे निरोपे होते, म्हणजे त्यांचेही नेमलेले काम लढण्याचे नव्हे. पण ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांस वाहून नेले आणि मशिनगनची ठाणी एकट्याने मोडली. त्यांसही तोच सन्मान मिळाला व ते जिवंत परतले. ह्या दोघांच्या पराक्रमाशी चौकातील शिपायाच्या मरणाची बरोबरी करावी असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे घाडग्यांवर अन्याय करणारे होईल. पराक्रमास पदक मिळते ते योग्यच आहे. परंतु पदक हे कृत्याचे माप आहे. स्मरण हे माणसाचे असते, आणि दोहोंची गल्लत आपण सहज करितो.

सरकारदरबारी ह्या दोन गोष्टी कशा ठेविल्या आहेत हे पाहण्यासारखे आहे. मोबदला व निवृत्तिवेतन देताना लढाईतील मृत्यू आणि सेवेत असताना अपघाताने झालेला मृत्यू असा भेद करण्यात येतो. आपल्या देशात आजही कुटुंबास मिळणाऱ्या वेतनाचे प्रकार ह्या भेदावर ठरतात. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार ही युद्धपदके मात्र ठराविक मुलखात सेवा केल्याबद्दल होती. मनुष्य कसा मेला हे त्यांत विचारले जात नसे. आणि थडग्याच्या बाबतीत तर भेद मुळीच नाही. युद्धात मृत झालेल्यांची थडगी राखण्याकरिता इ. स. १९१७ साली एक आयोग स्थापन झाला. आज तो राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखला जातो. ३ सप्टेंबर १९३९ पासून ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत जो कोणी सैन्यात सेवेत असताना मृत्यू पावला, त्याचे स्मरण आयोग करितो. मग तो गोळीने मेला असो, हिवतापाने, की लॉरीखाली. पाषाणावर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण व तारीख असते. मरणाचे कारण नसते. अविभक्त हिंदुस्थानचे दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ८७,००० मृत आयोगाच्या नोंदीत आहेत. हिंदू व शीख शिपायांचे बहुधा दहन होई व त्यांची नावे दहनस्मारकावर कोरीत. ख्रिस्ती व मुसलमान शिपायांस भूमी मिळे.

ह्या समतेच्या बढाईत एक मोठे छिद्रही आहे, ते झाकून ठेवणे बरे नव्हे. पहिल्या महायुद्धातील बसरा येथील स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली, पण साध्या शिपायांचे नुसते आकडे कोरले गेले. इ. स. २०२१ साली आयोगानेच एक अहवाल प्रसिद्ध करून कबूल केले की त्या युद्धातील आशियाई व आफ्रिकी मृतांपैकी ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण गोऱ्या मृतांच्या बरोबरीने झाले नाही. शंभर वर्षांनी का होईना, चूक कागदावर आली. उलट बाजूने पाहिले तर आपल्या पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानात पूर्व व पश्चिम आफ्रिकेच्या १९३ शिपायांचे स्मरण केलेले आहे. ते दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात, रणभूमीपासून दूर वारले. आपला देश हाच त्यांचा परमुलूख. त्यांच्या आया आपापल्या गावी आपल्या आयांसारख्याच वाट पाहत बसल्या असतील.

अपघाताने मेलेल्यांस राष्ट्र कधीच विसरत नाही वा नेहमीच विसरते, असेही नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन ह्या जहाजावर कापसाच्या गासड्यांस आग लागली व त्यातील दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला. शत्रूचे विमान नाही, पाणबुडी नाही, शुद्ध अपघात. त्यात आगीशी झुंजणारे ६६ अग्निशामक मृत्यू पावले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर आजही पाळला जातो. त्यांस कोणी अपघाताने मेले म्हणून हिणवीत नाही. ते कामावर मेले असे म्हणतात. अपघात थोरांसही सोडीत नाही. कोल्हापुराजवळ वळिवडे येथे युद्धकाळी कॅथलिक पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. त्या लोकांच्या परागंदा सरकारचे मुख्य प्रधान जनरल सिकोर्स्की ४ जुलै १९४३ रोजी जिब्राल्टर येथे विमान समुद्रात कोसळून मृत्यू पावले. सेनापती विमानात मरतो, शिपाई चौकात मरतो. फरक इतकाच की एकासाठी सरकारे शोक करितात.

आता श्रद्धेच्या अंगाने. संतांच्या लितानीत ख्रिस्तसभेने एक याचना घातली आहे : आकस्मिक व तयारीवाचून येणाऱ्या मरणापासून आमची सुटका व्हावी. आपले पूर्वज लढाईतील मरणापेक्षाही अशा मरणास अधिक भीत, कारण त्यात पापनिवेदनास व अंत्याभ्यंगास वेळ मिळत नाही. लढाईस निघालेल्या तुकडीस धर्मगुरू एकत्र पापक्षमा देऊ शकत असत. रात्री दोन वाजता फाट्यावर बत्ती धरून उभ्या असलेल्या शिपायाजवळ धर्मगुरू कोठून येणार? रविवारी छावणीत जीपच्या बॉनेटवर वेदी मांडून मिस्सा होई, तेव्हाही हा बहुधा पहाऱ्यावर. कर्तव्यामुळे मिस्सा चुकली तर ते पाप नव्हे, हे ख्रिस्तसभा स्पष्ट शिकविते. तरी त्याच्या मातेच्या मनातील टोचणी काही त्या शिकवणीने पुरती जात नाही. माझा मुलगा कोणत्या स्थितीत गेला, हे तिला हवे असते. सरकारी पत्रात ते नसते.

ह्यावर प्रभूचे स्वतःचे एक बोलणे आहे, आणि ते अपघाताविषयीच आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची हकीकत येते. लोकांच्या मनात होते की ती माणसे इतरांहून अधिक पापी असावीत. प्रभूने ती समजूत स्पष्ट शब्दांत खोडून काढिली आणि लगेच ऐकणाऱ्यांस पश्चात्तापाची आठवण दिली. मृताच्या पापाचा हिशेब जिवंतांनी मांडू नये, आपला मांडावा, असा त्याचा रोख आहे. बुरूज कोणी पाडला, पाया कच्चा होता की काय, ही चौकशी यरुशलेममध्ये कोणी केली असेलच. शुभवर्तमानात ती नाही.

मात्र एका गोष्टीत आपण सावध असावे. अशा मृतास उत्साहाच्या भरात रक्तसाक्षी म्हणण्याची प्रवृत्ती दिसते. रक्तसाक्षी हा शब्द ख्रिस्तसभेत तोलून वापरला जातो. श्रद्धेसाठी ज्याने मरण पत्करिले त्याचा तो मान आहे. संत थॉमस आक्विनास ह्याने ह्या प्रश्नाचा विचार करिताना म्हटले आहे की लोकांच्या हिताचे कार्यही देवाप्रीत्यर्थ केले असेल तर त्यासाठी पत्करिलेले मरण त्या पदवीस पोहोचू शकते. पण कोणी ते मनात देवाप्रीत्यर्थ केले, हे देवच जाणे. आपण त्यास इमानी चाकर म्हणावे. शुभवर्तमानात तो मानही लहान नाही. धनी येईल तेव्हा जागा सापडलेला चाकर, कमर बांधलेला आणि दिवा पेटता ठेवलेला, असे वर्णन संत लूकच्याच बाराव्या अध्यायात आहे. हातात बत्ती घेऊन उभ्या असलेल्या शिपायास ते जितके शोभते तितके क्वचितच कोणास शोभेल.

अशा मृतांसाठी आपल्या हाती काय आहे? प्रार्थना तर आहेच, आणि तिचाही युद्धाशी संबंध आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. २ नोव्हेंबर, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, प्रत्येक धर्मगुरू तीन मिस्सा करू शकतो. ही मुभा पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी १० ऑगस्ट १९१५ रोजी सर्व जगास दिली, आणि तसे करण्याचे एक कारण महायुद्धात पडणाऱ्या मृतांची असंख्य संख्या हे होते. त्या तिहींपैकी एक सर्व मृत श्रद्धावंतांसाठी, एक पोपमहाशयांच्या हेतूसाठी, आणि एक धर्मगुरू ज्याच्यासाठी अर्पील त्याच्यासाठी. ह्या तिसऱ्या मिस्सेकरिता नाव द्यावयाचे तर ते आपल्याजवळ असले पाहिजे.

नाव शोधण्याची सोय आता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. आयोगाच्या नोंदी सर्वांस खुल्या असून त्या नावावरून, पलटणीवरून व स्मारकावरून पाहता येतात. शोधणाऱ्याने दोन-तीन गोष्टी ध्यानात धराव्या. आडनावे रोमन लिपीत गोऱ्या कारकुनांनी कानाला लागतील तशी लिहिली आहेत. एकाच जाधवाची चार रूपे आढळतील, आणि आडनावावाचून नुसते नाव लिहिल्याचेही प्रकार आहेत. कित्येक नोंदींत बापाचे नाव व गाव दिलेले असते, आणि गावापुढे जालना जिल्हा कोठेही सापडणार नाही, कारण हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्या काळी जालना हे औरंगाबाद जिल्ह्यात व निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा त्या नावांखाली पाहावे. स्मारक कोणत्या मुलखात पाहावयाचे हे घरातील जुन्या पदकावरून कळते : आफ्रिका स्टार असेल तर अलामेन किंवा केरेन, इटली स्टार असेल तर कासिनो, सांग्रो किंवा फोर्ली, बर्मा स्टार असेल तर रंगूनजवळील तौक्यान. सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर चोवीस हजारांहून अधिक नावे आहेत, तीही सोडू नयेत. ज्यांच्या पेटीत असे पदक, पलटणीचे पत्र किंवा वेतनाचा कागद असेल, त्यांनी त्यावरचा क्रमांक आधी उतरून घ्यावा. नाव चुकते, क्रमांक सहसा चुकत नाही. मग तो क्रमांक, सापडलेले नाव आणि मृत्यूची तारीख एका चिठ्ठीवर लिहून नोव्हेंबरच्या आधी फादरांकडे द्यावी.